कंडक्टर स्टिअरिंगवर बसतो

रिटायर झालो तरी डेपोच्या कॅन्टीनमध्ये गेलो की कोणीतरी म्हणतंच, "सांग रे, तुझ्या गाडी शिकण्याचं सांग!" दरवेळी त्यात एखादा नवा किस्सा घुसलेला असतो. न केलेले प्रतापही आता माझ्या नावावर आहेत. म्हणून खरे तेवढे सांगून टाकतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी पंचेचाळिशीचा बस कंडक्टर, राहायला मीरा रोडला. बायकोचे, सुनंदाचे, गुडघे पार गेलेले. बसची पायरी चढवेना, रिक्षात पाय दुमडून बसवेना. तिचं माहेर उत्तनजवळ, चौक गावात. आई म्हातारी, घर सोडून कुठे येत नाही. दोन वर्षं मायलेकींची भेट नाही! जगाला हात देऊन बसमध्ये चढवणारा मी, पण बायकोला माहेरी नेता येईना. लाज वाटायची, खरंच सांगतो.

तेवढ्यात मेहुणा बोटीवर नोकरीला निघाला आणि जाताना त्याची जुनी गाडी आमच्या बिल्डिंगखाली लावून गेला. म्हटलं, आता शिकायचीच.

* * *

ड्रायव्हिंग क्लासच्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी चौकशी केली.

"आधी काही चालवलंय? स्कूटर?"

"नाही."

"सायकल?"

"नाही."

"आणि नोकरी?"

"बसवर. बावीस वर्षं."

"अहो, मग बावीस वर्षं केलंत काय?"

"तिकिटं फाडली!"

मास्तरांनी सीट पुढे सरकवून दिली.

* * *

चौथ्या दिवशी मास्तर जरा खूश होते. क्लच जमत होता, गिअर पडत होते. फक्त बसस्टॉप दिसला की माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. एका स्टॉपवर गाडी थांबली आणि एक गुजराती बेन भाजीच्या दोन पिशव्या घेऊन दार उघडून मागे बसल्यासुद्धा!

"स्टेशन जायेगी ना?"

मास्तर भडकले. "उतरवा आधी त्यांना!"

मी म्हटलं, "आता मधेच कसं उतरवणार? पुढच्या स्टॉपला उतरवतो."

बेनना शेवटी स्टेशनपर्यंत सोडलंच.

* * *

आमच्याच बसवरचा ड्रायव्हर पेडणेकर, माझा जुना दोस्त. म्हणाला, "क्लासवाल्यांच्या नादी लागू नकोस. रविवारी वरसाव्याला चल, मोकळ्या रस्त्यावर शिकवतो."

मोकळा कसला! खाडीवरच्या पुलाआधी ट्रकची ही रांग. पंधरा मिनिटं झाली, पुढचा ट्रक काही हलेना, त्याच्यापुढे तर चांगली जागा दिसत होती. माझं डोकं फिरलं. खिडकीतून मान बाहेर काढली आणि ओरडलो, "पुढे सरका, पुढे! आत जागा आहे!"

ट्रकवाला खाली उतरून आला. चांगला सहा फुटी. "क्या हुआ?"

मी मान आत घेतली. पेडणेकर शांतपणे म्हणाला, "कुछ नहीं भाईसाब, टिकट काट रहा है."

* * *

लायसन्सच्या टेस्टचा दिवस आला. सुनंदाने आईला निरोप धाडला होता, रविवारी येतेय म्हणून. नापास झालो तर कुठल्या तोंडाने घरी जायचं?

गाडी सरळ नेली, वळवली, हात दाखवले, सगळं व्यवस्थित. मग शेजारी बसलेले आरटीओचे साहेब म्हणाले, "आता रिव्हर्स घ्या."

रिव्हर्स म्हटल्यावर कंडक्टर काय करतो? मी गिअर काढला, दार उघडलं, खाली उतरलो, गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि हात हलवत म्हणालो, "येऊ द्या, येऊ द्या!"

साहेबांनी काचेतून मान बाहेर काढली. "अहो, आणणार कोण?"

तरी माणूस दिलदार. हसू आवरल्यावर म्हणाले, "बसा परत, आणि आतूनच घ्या." घेतली. पास झालो!

* * *

रविवार उजाडला. सुनंदाने हिरवं लुगडं नेसलं होतं. मागच्या सीटवर पाय लांब करून बसली, मांडीवर आईसाठी केलेल्या बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा. अख्खी बिल्डिंग गॅलरीत उभी.

मी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. आणि मी तसाच बसून राहिलो.

शेजारी ना मास्तर, ना पेडणेकर. मागे माझी बायको. बावीस वर्षं गाडी निघायची ती मी घंटीची दोरी ओढली की. एक टोला थांबायचा, दोन निघायचे. आज दोरी ओढायला मागे कोणीच नव्हतं.

"अहो, काय झालं?"

"काही नाही."

"भीती वाटतेय?"

"हो गं," मी म्हटलं. बायकोपाशी काय खोटं बोलायचं!

पर्समधून घराची किल्ली काढल्याचा आवाज आला. मग डब्यावर दोन टोले पडले.

टण् टण्!

पहिला गिअर टाकला. भाईंदर गेलं, उत्तन गेलं, खाऱ्या वाऱ्याला सुक्या मासळीचा वास यायला लागला. चौक गावात शिरलो, तर लांबूनच सासूबाई दारात उभ्या दिसल्या, डोळ्यांवर हात धरून. "आली! पोर आली हाय माझी!" म्हणत म्हातारी निघालीच रस्त्यावर.

मागून टोला पडला. एकच.