गोरख मिस्तरींची गोटी

गोरख मिस्तरींच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक काचेची गोटी असायची. साठीचा माणूस, पांढऱ्या मिशा, बांधकाम कामगारांच्या संघटनेचा अध्यक्ष, आणि खिशात काय तर गोटी! पूर्वी म्हणे ते नव्या न्हाणीत तांब्याभर पाणी ओतून फरशीचा ढाळ बघायचे. पाणी मुकाट मोरीत गेलं की गवंडी पास. मग दुष्काळ पडला, अंबाजोगाईत नळाला पाणी येईना, तेव्हा त्यांनी पाण्याच्या जागी गोटी आणली. "हितं प्यायला पाणी न्हाई, तुमच्या फरशीवर काय माझी लाळ गाळू का बे?" असं विचारायचे.

ही परीक्षा दिल्याशिवाय संघटना गवंड्याचं कार्ड देत नसे, आणि कार्ड नसलं की कुणी ठेकेदार गवंड्याची मजुरी देत नसे, एवढा मिस्तरींचा दरारा होता. नापास झालेल्याला महिनाभर बिगारी, म्हणजे डोक्यावर घमेलं. सख्ख्या जावयाला त्यांनी दोनदा नापास केलं होतं. "पोरगी दिली, आता ढाळ बी मीच देऊ का?" म्हणाले.

मी त्यांच्याकडे गेले ती कार्डासाठीच. उन्हाळा-पावसाळा मी बांधकामावर घमेली वाहायची आणि दसरा झाला की आमच्या मालकांबरोबर ऊसतोडीला जायची. दोन्ही पोरी फडावर यायच्या, त्यांची शाळा दरसाल अर्धीच व्हायची. मला गवंड्याची मजुरी मिळाली असती तर आमची कोयत्याची जोडी, म्हणजे आम्ही नवराबायको, घरीच राहिली असती. माझं सगळं घोडं त्या कार्डापाशी अडलं होतं.

"थापी पायजे?" मिस्तरी म्हणाले. "काहून? भाकरी थापाय का?"

"भाकरी मला येती, मिस्तरी. तुमाला येती का?"

संघटनेच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलेले गडी मिस्तरींच्या तोंडाकडे बघू लागले. मिस्तरींनी मिशीवरून हात फिरवला. "न्हाई बा," ते म्हणाले, "उद्याच्याला सांच्याला ये."

पाणी नव्हतं म्हणून ते आम्हाला कोरड्या वाळूत ढाळ काढायला लावायचे. मी काढायची, ते पायानं मोडायचे. "जास्ती झाला तर म्हातारी घसरंल, कमी झाला तर पाणी झोपंल. मधला काढ." शिव्या तर विचारूच नका. एकदा मी वैतागून थापी फेकली आणि तडक घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्तरी दारात हजर. "माफी मागाय आलो न्हाई," ते म्हणाले. "थापी संघटनेची हाय. जिथं टाकली तिथनं उचल अन् कामाला लाग." मालकांनी त्यांना चहा पाजला. मी तोंड फुगवून गेले, पण गेले.

श्रावणात एका वसतिगृहाचं काम आलं. ते मजूर सहकारी संस्थेला मिळालं होतं आणि गवंडी आमच्या संघटनेचे होते. संस्थेचे चेअरमन मोठे बागायतदार. मिस्तरी त्यांच्या तोंडावर म्हणायचे, "मजूर संस्थेचा चेअरमन, अन् जन्मात उचललं काय, तर गळ्यातला हार!" चेअरमननी माझ्या हातात थापी बघितली आणि म्हणाले, बाईला बिगारी लावा, आमच्या मस्टरवर बाई गवंडी बसत नाही.

"सहा न्हाण्या हायत," मिस्तरी म्हणाले. "एक ती करंल, एक मी, बाकीच्या पोरं. तिची चुकली तर आजन्म घमेलं. बरुबर आली तर गवंडी म्हून लिवायचं."

दसऱ्याला पंधरा दिवस राहिले असताना चेअरमन कडक इस्त्रीत बघायला आले. मिस्तरींनी माझ्या न्हाणीत गोटी सोडली. ती निघाली, एका सांध्यापाशी दमल्यासारखी थांबली. माझा तर जीवच गेला. मग हळूच हलली आणि मोरीत पडली. पोरांच्या न्हाण्याही पास झाल्या.

"आता तुमची बघू की, मिस्तरी," चेअरमन मजेत म्हणाले.

मिस्तरींनी स्वतःच्या न्हाणीत गोटी सोडली. ती वळली, दाराकडे आली आणि चेअरमनच्या बुटाला टेकून उभी राहिली. मिस्तरी खाली बसले आणि फरशीवर तळहातानं गोटी चाचपू लागले. गोटी हातभर अंतरावर होती, ती त्यांना दिसत नव्हती. तेव्हा मला कळलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि या जुन्या खोडानं कुणाला कळू दिलं नव्हतं.

"राहू द्या, मिस्तरी," मी म्हणाले. "मी करते नीट." मला रडूच फुटलं.

"गप गं. नियम कुणी केलता?" ते मस्टर लिहिणाऱ्या कारकुनाकडे वळले. "लिही. गवंडी, शालन. तिच्या हाताखाली बिगारी, गोरख."

"अहो, तुम्ही अध्यक्ष आहात!" चेअरमन म्हणाले.

"अध्यक्ष शेडमधी. हितं माझा ढाळ चुकला."

आणि त्या माणसानं खरोखर महिनाभर घमेलं उचललं. मला कार्ड मिळालं, दसरा झाला, गावातून तोडकऱ्यांचे ट्रक गेले, आमच्या पोरी पहिल्यांदाच दिवाळीनंतरच्या शाळेत दिसल्या. मिस्तरींच्या डोळ्यांचं ऑपरेशन संघटनेनंच धरून नेऊन करवलं. पुढं त्यांनी बरीच वर्षं थापी चालवली आणि एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

त्या महिन्यात मी पहिलं काम केलं ते त्यांचीच न्हाणी उखडून पुन्हा बसवायचं. ते माल आणून देत आणि शेजारी उभे राहत. माझ्या चुका होत होत्या, मला कळत होतं. पण त्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही. बिगाऱ्यानं गवंड्याला शिकवायचं नसतं. आज माझ्या हाताखाली तीन बायका शिकतात, आणि मला तर घटकाभर गप्प बसवत नाही. त्या शिवराळ म्हाताऱ्यानं अख्खा महिना कसा काढला असेल!