तिचा आवाज पुसट होत गेला तेव्हा

पंधरा वर्षं मी देवापुढे गायलो आणि त्याने माझे कान घेतले, असं मी एके काळी चारचौघांत बोलत असे. आता बोलत नाही. पण मनातून ते पुरतं गेलंय असंही म्हणवत नाही. जे झालं ते झालं तसं सांगतो.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. सुरतेला बमरोलीत लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मी कामाला होतो. बारा तासांची पाळी. शंभर लूम एकदम खडखडत असतात तिथे माणसं बोलत नाहीत, हातवारे करतात. दर गुरुवारी आमच्या वस्तीतल्या दत्तमंदिरात खानदेशी लोकांचं भजन व्हायचं आणि पुढे मी गायचो. तेवढे दोन तास मला माणूस झाल्यासारखं वाटे. नव्वद साल उलटून दोनतीन वर्षं झाली असतील, माझ्या कानात शिट्टी सुरू झाली. कुकरची असते तशी, पण न थांबणारी. माझा सूर घसरू लागला. मला तो घसरलेला कळत नव्हता, समोरच्यांच्या चेहऱ्यांवरून कळायचा. मंडळाचे प्रमुख आप्पा एका गुरुवारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, आता थोडे दिवस मागे बस." त्यांनी ते फार मायेने सांगितलं, म्हणून जास्त लागलं. मी त्या दिवसापासून देवळात जायचं सोडलं.

भजनं ऐकायला घेतलेला टेपरेकॉर्डर घरात नकोसा झाला, म्हणून तो विकायला मी उधन्याला रमणभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. ते एक जुनी कॅसेट लावून दुसरं मशीन तपासत होते. तबला नाही, पेटी नाही, सुरुवात-शेवट नाही. कुठल्याशा यंत्रातून निघालेले लांबच लांब सूर, त्यांच्या पाठीमागे पाण्यासारखी सळसळ आणि पाण्याखालून गावं तशी एक बाई गात होती. मी उभाच राहिलो. थोड्या वेळाने ध्यानात आलं की शिट्टी ऐकू येत नाहीये. वर्षभरात पहिल्यांदा.

"बेसो भाई, ऊभा केम छो?" रमणभाई म्हणाले. मी बसलो आणि मला रडू आलं. इच्छापोरच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेल्या एका परदेशी माणसाने वॉकमन दुरुस्तीला टाकला होता, तो परत आलाच नाही, ही कॅसेट त्याची, एवढं त्यांनी सांगितलं. मी निघालो तेव्हा ती कॅसेट त्यांनी माझ्या टेपरेकॉर्डरमध्ये घालून दिली. टेपरेकॉर्डर मी विकला नाही.

त्यानंतर मी त्या कॅसेटच्या प्रेमातच पडलो. रात्रपाळीहून सकाळी घरी आलो की आधी ती लावायची, मग चहा. बायको म्हणायची, "हाई काय शे? पानीनी मोटार सुरू शे का?" वेष्टनावर दोघांचा धूसर फोटो होता, एक पुरुष आणि एक बाई, चेहरे ओळखू न येणारे. ते नवरा-बायको असतील की भाऊ-बहीण, त्यांच्या गावाला थंडी असेल का, असलं काहीबाही मी लूमवर उभा राहून मनात आणायचो. माझी मुलगी वैशाली तेव्हा नववीत होती. तिने आतल्या कागदावरचे इंग्रजी शब्द मला देवनागरीत वहीत उतरवून दिले. "बाबा, अर्थ सांगू?" तिने विचारलं. मी नको म्हणालो. वही मांडीवर घेऊन, शब्दांवर बोट ठेवत, मी कॅसेटमधल्या बाईच्या आवाजाबरोबर चालत राहायचो. पोथी वाचतानासुद्धा माझं चित्त इतकं कधी लागलं नव्हतं, याची लाजही वाटायची.

वस्तीत बोललं गेलंच. आप्पा घरी आले. त्यांनी ती कॅसेट थोडा वेळ डोळे मिटून ऐकली.

"भाऊ, यात नाम कुठे आहे?"

"मला सापडलं नाही, आप्पा. पण माझी शिट्टी थांबते."

ते चहा पिऊन निघून गेले.

वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. त्या गाण्यांमधले घुंगरासारखे बारीक आवाज आधी नाहीसे झाले. मग बाईच्या आवाजातला श्वास गेला. वहीवर बोट ठेवलं तरी शब्द सापडेनात, नुसती गुणगुण उरली. टेप झिजली असं समजून मी कॅसेट रमणभाईंकडे नेली. त्यांनी हेड साफ केलं, कॅसेट लावली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा लावली.

"टेप तो बराबर छे, भाई," ते म्हणाले. मग अगदी हळू, हिंदीत, "आवाज बिलकुल साफ है."

त्यांनी दुकानाचं शटर ओढलं, मला स्कूटरवर बसवलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. माझं त्यांचं नातं काय, दोनदा झालेली ओळख. तपासणी होईपर्यंत ते बाकावर बसून होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बारीक आवाज गेले ते गेले, ते परत यायचे नाहीत. लूम आज सोडाल तर माणसांचं बोलणं राहील. आणखी दोन वर्षं थांबलात तर तेही जाईल.

शेठला सांगितलं तर तो म्हणाला, "कान तो सबके जाते हैं." खरंच होतं ते. माझ्या खात्यातले सगळेच मोठ्याने बोलायचे आणि आपण मोठ्याने बोलतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी काम सोडलं. भेस्तानला एका इमारतीवर पहारेकरी म्हणून लागलो. बायकोला घरी साड्यांना टिकल्या लावायचं काम घ्यावं लागलं, तिचे डोळे त्यात गेले. कानाचं वेळीच कळलं ही देवाची कृपा होती, असं लोक म्हणतात. असेलही. पण ज्याला कृपा करायची त्याने ती अशी, आवडतं ते एकेक काढून नेत का करावी, हे मी पुष्कळ दिवस देवाला विचारत होतो. त्याने उत्तर दिलं असेल तर ते मला ऐकू आलेलं नाही.

एवढं मात्र मानतो. ती बाई माझ्या कानातून हळूहळू गेली नसती तर कान जातायत हे मला वेळेत कळलंच नसतं. आज वैशालीचं बोलणं मला ऐकू येतं, तिच्या लेकराचं रडणं येतं. मी पुन्हा देवळात जातो, हात जोडतो, गात नाही. स्वतःसाठी काही मागायचं सोडून दिलंय, भांडायचंही. कॅसेटवरच्या त्या दोघांची नावं मला कधी नीट उच्चारता आली नाहीत. देवाला एवढंच म्हणतो की ती दोघं जिथे असतील तिथे त्यांचे कान शाबूत ठेव.