चॅरिटी बॉलला दांडीची टीम

आता इंग्रजीचा विषय तुम्हीच काढलात, तर माझी फजिती ऐकाच. हातातला चहा मात्र आधी संपवा, अंगावर सांडला तर मला बोल लावाल.

मी त्या काळची मॅट्रिक. माहेर माकुणसारचं, सासर तारापूरचं. शाळेत इंग्रजीत मार्क बरे पडायचे आणि लग्नानंतर ते मी सासरी कुणाला विसरू दिले नव्हते. त्यातच साठ सालानंतर आमच्याकडे अणुवीज केंद्राचं काम सुरू झालं. आमचे हे तिथे स्टोअरमध्ये कारकून म्हणून लागले. अमेरिकन इंजिनिअर बायकापोरांसकट कॉलनीत येऊन राहिले. बोईसरच्या बाजारात गोऱ्या बायका शेवग्याची शेंग हातात धरून "ही कशी खायची" म्हणून विचारायला लागल्या. त्यांना सांगणार कोण? मीच. माझं इंग्रजी असं डोक्यावर चढलं होतं की विचारू नका.

पण घरात एक दुखणं होतं. माझी कुंदा. सात वर्षांची झाली तरी बोलायची नाही. हाक मारली तरी वळून बघायची नाही. डब्याचं झाकण मिळालं की ते जमिनीवर गरगर फिरवत बसायची, दुपारची संध्याकाळ होईपर्यंत. अंगारे झाले, औषधं झाली, मुंबईचा डॉक्टर झाला. शाळेच्या बाईंनी तर आठवड्यात परत पाठवली. "हिला घरीच ठेवा," म्हणाल्या. मी घरीच ठेवली होती.

एकदा तिला घेऊन बाजारात गेले होते. वाण्याच्या दुकानात तिने तेलाच्या डब्याचं झाकण उचललं आणि तिथेच फिरवत बसली. वाण्याने ते काढून घेतलं. झालं. कुंदाने जी किंकाळी फोडली, अख्खा बाजार गोळा झाला. मी शरमेने अर्धी झाले. तेवढ्यात एक गोरी बाई गर्दीतून आत आली, फ्रॉक सावरून सरळ जमिनीवर बसली, दुसरं झाकण घेतलं आणि कुंदासमोर फिरवायला लागली. कुंदा गप्प झाली. झाकणाकडे बघत राहिली.

"माझा मुलगाही असाच आहे," ती बाई मला म्हणाली.

ह्या हेलनबाई. एका इंजिनिअरची बायको. त्यांचा डॅनी कुंदापेक्षा वर्षाने मोठा. आज आपण स्वमग्न म्हणतो, त्यांनी तेव्हा 'ऑटिस्टिक' म्हणून सांगितलं. मला तो शब्द चार वेळा म्हणून घ्यावा लागला. पण आपल्या पोरीला काहीतरी नाव असलेलं झालंय आणि ते आपल्यामुळे झालेलं नाही, एवढं समजलं तेव्हा मी घरी येऊन चुलीपुढे बसून रडले. त्या रडण्यात दुःख कमीच होतं.

हेलनबाईंनी आपल्या बंगल्याच्या व्हरांड्यात अशा मुलांना घेऊन बसायला सुरुवात केली. कुंदा, डॅनी, आणखी तीन-चार मुलं आली. मी मदतीला जायची. पण शेजारचे साहेब कुरकुरायला लागले, पोरं ओरडतात म्हणून. खोली हवी होती, एक शिकलेली बाई हवी होती. कॉलनीच्या कडेला एक गोदाम पडून होतं, पण ते मोठ्या साहेबांच्या ताब्यात, आणि ते काही हो म्हणत नव्हते. खोली मिळाली नसती तर कुंदा परत घरात, झाकण फिरवत.

अशा वेळी हेलनबाई म्हणाल्या, "सुमन, आपण एक चॅरिटी बॉल ठेवू या. तिकिटं लावू. मोठ्या साहेबांनाच पाहुणे म्हणून बोलवू."

चॅरिटी मला माहीत होतं. बॉल काय, पहिलीतल्या पोरालाही माहीत असतो. आणि आमच्या किनाऱ्यावर बॉल म्हणजे एकच, व्हॉलीबॉल.

"छान होईल," मी म्हटलं.

"पण गावातल्या लोकांना येतं का?"

"येतं म्हणजे काय? रोज संध्याकाळी समुद्रावर तेच चालू असतं. शेजारच्या दांडी गावची माणसं होडी किनाऱ्याला लागली की आधी तिथे पळतात."

बाईंचे डोळे मोठे झाले. "वाळूत?"

"वाळूत. अनवाणी."

"किती सुंदर," बाई म्हणाल्या. "आणि बायका?"

"बायका बघतात. आमच्यात पुरुषा-पुरुषांचंच असतं."

ह्यावर त्यांनी भुवया उंचावल्या. मग म्हणाल्या, "प्रत्येक ठिकाणची आपली पद्धत असते." पुढे त्यांनी विचारलं, किती कपल्स येतील? त्यांचे उच्चार तसे तोंडातल्या तोंडात. मी ऐकलं कप, बक्षिसाचे.

"दोन पुरेत," मी सांगितलं.

"फक्त दोन?"

"मोठे असले म्हणजे झालं."

बाईंनी मान डोलावली. एवढं सगळं बोलणं झालं, आणि दोघींपैकी एकीलाही काही खटकलं नाही. आहे की नाही कमाल? घरी ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "साहेबलोक काय, कशाचंही तिकीट लावतील." म्हणजे घरातूनही कुणी अडवलं नाही.

मग मी कंबर कसली. दांडीला नारायण तांडेल म्हणून होते, स्वतःच्या होडीचे तांडेल आणि टीमचेही तेच कप्तान. त्यांना गाठलं. पोरांच्या शाळेसाठी आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "आमी येतो. नेट पन आमीच आनतो. बाजारचा नेट काय कामाचा." आणि खरंच, त्यांनी घरच्या सुताचं नवंकोरं नेट विणलं. पाम गावची टीम तयार झाली. माझ्या भावाने माकुणसारची टीम कबूल केली. सगळ्यांना मी बजावलं, हेलनबाईंचा निरोप आहे, चांगले कपडे घालून या. सगळ्यांनी नवे बनियन शिवून घेतले.

कार्यक्रम क्लबपुढच्या सिमेंटच्या अंगणात. बाई म्हणाल्या, जमीन गुळगुळीत हवी. मी चार बायका लावून धुऊन घेतली. दुपारी तांडेलांच्या माणसांनी वाळू भरलेल्या पिंपांत बांबू उभे केले आणि मधोमध नेट ताणलं. मी घरी कपडे बदलायला गेले, तेवढ्यात मेमसाहेबांचा घोळका सजावटीला आला. त्यांना वाटलं, ही इथली काही शोभेची रीत असेल. त्यांनी नेटवर रंगीत कागदी कंदील टांगले. मी परत येऊन बघते तो काय, कंदीलच कंदील. मला भरून आलं. म्हटलं, बघा, आपल्या खेळाचं ह्यांना किती कौतुक.

संध्याकाळ झाली. साहेबलोक काळ्या कोटात, मेमसाहेब पायघोळ झग्यात. मोठे साहेब आणि त्यांच्या पत्नी पुढच्या खुर्च्यांत. त्या बाई मुंबईच्या, आपल्या मराठीच. तिकडून दांडीची माणसं वाजतगाजत आली, पुढे ढोल, मागे बायका, मधे अर्ध्या चड्डीतली टीम. पामचे बैलगाडीतून उतरले. मी जरीकाठी लुगडं नेसून, गळ्यात शिट्टी अडकवून मध्ये उभी. हो, पंच मीच होते. इंग्रजी येत होतं ना.

ग्रामोफोन लागला. साहेब आणि मेमसाहेब जोडीजोडीने अंगणात उतरले. मला वाटलं, ह्यांनी टीममध्ये बायकाही घेतल्या, काय पुढारलेली माणसं. दांडीची टीम नेटच्या अलीकडे उभी राहिली. आणि मी जोरात शिट्टी फुंकली.

ग्रामोफोन थांबला. निळ्या झग्यातल्या हेलनबाई माझ्याजवळ आल्या. "सुमन, ही माणसं कोण?"

"टीम."

"कसली टीम?"

"बॉलची."

तांडेलांनी काखेतला चेंडू पुढे करून दाखवला. बाईंनी चेंडूकडे पाहिलं, नेटकडे पाहिलं, माझ्या शिट्टीकडे पाहिलं. मग माझा हात हातात घेऊन फार हळू आवाजात म्हणाल्या, "सुमन, बॉल म्हणजे नाच."

अंगणात एवढं सिमेंट नसतं, तर मी तिथेच खड्डा करून आत बसले असते.

पण दांडीकरांना ह्यातलं काय कळणार? शिट्टी झाली म्हणजे सामना सुरू. त्यांनी ढोल बडवायला घेतला, शे-दोनशे माणसांनी आरोळी ठोकली. आणि कडेला बसलेल्या आमच्या व्हरांड्यातल्या मुलांनी कानांवर हात दाबले. डॅनी भिंतीवर डोकं आपटायला लागला. कुंदा जमिनीवर लोळून तीच ती बाजारातली किंकाळी फोडत होती. मोठ्या साहेबांच्या कपाळाला आठी पडली. ते अर्धवट उठलेही. गोदाम गेलं, शाळा गेली, माझ्या एका शब्दापायी सगळं गेलं, असं मनात आलं आणि मी कुंदाला उचलून घरी निघाले.

तांडेल आडवे आले. "पोरीला काय जालं?"

"तिला आवाज सोसत नाही हो. कानात सुया टोचल्यासारखं होतं. ह्या सगळ्याच मुलांना."

त्यांनी मुलांकडे पाहिलं. "एवडंच ना? मंग आमी गप खेलू." आणि ते आपल्या माणसांकडे वळले. भर समुद्रात होडीवरून होडीवर हाक पोचवणारा माणूस तो, पण आता ओठांवर बोट ठेवून एकेकाजवळ जाऊन कुजबुजला. ढोल खाली ठेवला गेला. बायकांनी मांडीवरच्या पोरांच्या तोंडावर पदर धरला.

आणि तुम्हाला सांगते, मी पुढे असा सामना पाहिला नाही. दांडी आणि पाम, एरवी एका पॉइंटवरून महिनाभर बोलणं टाकणारी माणसं. त्या दिवशी चेंडूचा टप्पा तेवढा ऐकू येत होता. पामच्या एका गड्याला चेंडू आत पडला असं वाटलं, तर तो पडल्या जागी पोटावर आडवा होऊन बोटाने जागा दाखवायला लागला. दांडीचा त्याच्याशेजारी आडवा झाला आणि रेषेबाहेर बोट टेकवलं. दोघं तसेच पडून डोळे वटारून भांडत होते. मी शिट्टी न वाजवता हात वर करत होते. प्रेक्षक टाळीऐवजी दोन्ही हात हवेत हलवत होते. साहेबलोक तोंडावर रुमाल धरून हसत होते. मग त्यांनीही कोट काढले, बूट काढले आणि माकुणसारविरुद्ध उतरले. सपाटून हरले, पण तेही गप्प राहून.

कुंदाने कानांवरचे हात काढले. वाऱ्यावर फिरणारे कंदील तिने पाहिले आणि चालत चालत नेटखाली जाऊन उभी राहिली. ती आली की खेळ थांबायचा. तांडेल चेंडू पोटाशी धरून उभे राहायचे. तिचं बघून झालं, ती बाजूला झाली, की पुन्हा सुरू. कुणी हटकलं नाही, कुणी "घेऊन जा तिला" म्हटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझी पोरगी चार माणसांत होती आणि मी कुणाची माफी मागत नव्हते.

सामने संपल्यावर नेट बाजूला झालं, ग्रामोफोन बारीक आवाजात लागला आणि खरा बॉल झाला. तांडेलांच्या बायकोने मेमसाहेबांचा नाच नीट बघून घेतला आणि मला म्हणाली, "असा आमी हलदीला नाचतो, पन आमचा बरा असतो." मग दांडीच्या बायकाही उतरल्या, कंबरेला हात घालून, गाण्याशिवाय, नुसत्या बांगड्यांच्या तालावर. आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघं निमूटपणे भज्यांच्या टेबलाकडे गेलो.

निघताना साहेबांच्या पत्नीने साहेबांना विचारलं, "त्या गोदामात तुमचं असं काय ठेवलंय हो?"

"रंगाचे डबे," साहेब म्हणाले.

"मग ते आपल्या गॅरेजमध्ये ठेवा."

डबे त्याच आठवड्यात हलले.

त्या खोलीत, तिकिटांच्या पैशांतून ठेवलेल्या बाईंकडे, कुंदा फ्रॉकची बटणं लावायला शिकली. तहान लागली की माठाकडे बोट दाखवायला शिकली. पुढे मोजके शब्दही आले, त्यात एक 'आई' होता. हेलनबाई दोन वर्षांनी मायदेशी गेल्या. तांडेलही आता नाहीत. पण दिवेलागणीला देवापुढे हात जोडते तेव्हा माझ्या मनात ह्या दोघांची नावं आपोआप येतात.

तर खोलीचं उद्घाटन ठरलं. आदल्या दिवशी हेलनबाई म्हणाल्या, "सुमन, उद्या टोस्ट तू द्यायचा."

एकदा पोळलेली मी. म्हटलं, ह्या खेपेला खात्री करून घ्यायची. घरी येऊन ह्यांना डिक्शनरी काढायला लावली. ह्यांनी शब्द शोधला, चष्मा वर करून पुन्हा वाचला, आणि ठामपणे सांगितलं, "भाजलेला पाव. शंकाच नको."

दुसऱ्या दिवशी खोली माणसांनी भरली. सगळ्यांच्या हातात सरबताचे पेले. हेलनबाईंनी पेला वर धरला आणि म्हणाल्या, "आता सुमन टोस्ट देईल." सगळे पेले उंचावून, मी शुभेच्छेचे चार शब्द बोलेन म्हणून माझ्याकडे बघायला लागले. मी हसतमुखाने पुढे झाले, बोईसरच्या बेकरीतून आणलेल्या डब्याचं झाकण उघडलं आणि मोठ्या साहेबांपासून सुरुवात केली, एकेकाला दोन-दोन.