जंगलाचे कंडक्टर

मंडळी, चहाचे कप खाली ठेवा. एक अत्यंत गंभीर घोषणा करायची आहे. डिंगोरे गाव सुटलं की बाभूळ उतरते, मढच्या पुढे साग उतरतो आणि डोंगराच्या वरच्या अंगाला हिरडा, जांभूळ, अंजनी चढतात. हे मी ठरवलेलं नाही. माझ्या जीपच्या पुढच्या सीटवर बसून, हात खिडकीबाहेर काढून, आमचे सर ठरवायचे.

"चला, साग उतरा! हिरडा चढा!"

एकदा मागे बसलेली एक पाहुणी दचकून पिशवी घेऊन उठलीच. "मढ आलं व्हय?"

सर जुन्नरच्या बाजारातल्या बांगडीवाल्यांचे चिरंजीव. जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर माझी जीप आणि माझी कंबर दोन्ही कामाला लावली. वेगवेगळ्या उंचीवर चार झाडांना दोरी बांधून चौकोन करायचा आणि आत काय काय उगवलंय ते बघायचं, हे त्यांचं काम. "उंचीनं झाडं बदलतात ते गाडीतून दिसतं," ते म्हणायचे, "माणसाच्या हातानं काय बदललं, ते वाकून बघावं लागतं." वाकायचे ते. उठवायचो मी.

एका वाडीत दोरी बघून माणसं धावत आली. "सर्वे हाय काय? धरण व्हनार?"

"धरण नाही, राव. हजेरी घेतोय."

त्याच वाडीच्या वर देवीची राई आहे. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नाही. सर चपला बाहेर काढून आत गेले आणि लहान मुलासारखे हसले. कवेत न मावणारी झाडं! मग दोरी बांधून वाकले, आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मी घाबरलो.

"सर, कंबर धरली का?"

"नाही रे. इथं रोपच नाही. एकही नाही."

राईची जमीन सारवलेल्या अंगणासारखी स्वच्छ होती. ठकूमावशी रोज खराटा घेऊन सगळी राई झाडायची, पाला गोळा करून जाळायची. नवरा गेल्यापासून देवीची हीच तिची सेवा. त्या पाल्याबरोबर दर वर्षी उगवू पाहणारं बीही जळत होतं.

सरांनी फार जपून सांगितलं. मावशीचा खराटा थांबला.

"म्हंजी मीच देवीची राई मारतीया?"

सरांनी झाडांची दोरी सोडली आणि देवीकडे जाणाऱ्या पायवाटेच्या दोन्ही कडांना अंथरली. "मावशी, ह्याच्या आत तुम्ही झाडा. बाहेरचं देवीवर सोडा."

मावशीनं चहाही विचारला नाही. त्या वाडीत चहा न विचारणं म्हणजे काय, ते तिकडे गेलेल्यांनाच कळेल. परतीच्या वाटेवर हिरडा उतरला, साग चढला, कंडक्टरनं कुणालाच हाक मारली नाही.

"एवढीच तिची सेवा होती," मढपाशी ते पुटपुटले, "आणि मी तिलाच हात घातला."

पुढे पावसात वरचा रस्ता खचला. सरांचं हृदयही त्याच सुमाराला कुरकुरायला लागलं. मी भेटायला गेलो की सलाईनचा हात उचलून विचारायचे, "मावशी झाडते का रे अजून?" मला ठाऊक नव्हतं. रस्ता दुरुस्त झाला, तेव्हा सर नव्हते.

मी एकटाच वर गेलो. देवीचा उत्सव होता, राईत ही गर्दी! पायवाट लख्ख झाडलेली आणि दोरीच्या बाहेर घोट्याएवढा पाला. सरपंच भडकले होते. "मावशी, देवीच्या दारात ह्यो कचरा? आळस आला व्हय?" बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मावशी खराटा घेऊन पाल्याच्या आडवी उभी होती, कुणाला पाऊल टाकू देत नव्हती.

मला बघताच तिचा चेहरा फुलला. माझ्यामागे कोण येतंय, म्हणून ती मान वाकडी करून बघायला लागली.

मी जवळ जाऊन हळूच सांगितलं.

मावशीनं खराटा टाकला, माझं मनगट धरलं, मला पाल्यापाशी खाली बसवलं, आणि सरपंचांसकट सगळ्या उत्सवाला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली, "अरं भाऊ, जरा आधी आणायचं न्हाई का त्यांना! अंजनी उगवलीया की!"