विहीणबाईंच्या साडीवरचा चिखल

सुपडू नाना बोंडे गाडी धूत ते बैल धुतात तशी. केळीच्या मळ्यात विहिरीवरचा पंप चालू करायचा, पाइपाचं तोंड हातात धरायचं आणि आधी तोंडावर, मग पाठीवर, मग पोटाखाली असं पाणी मारायचं. एवढ्यावर भागलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण ज्याने बैलाच्या कानामागे आणि शेपटीखाली धुतलं नाही तो कसला शेतकरी, अशी नानांची शिकवण होती. म्हणून ते चारही दारं उघडत आणि आतूनही पाइप फिरवत. पाणी एका दारातून शिरे, दुसऱ्यातून बाहेर पडे, आणि पडलं तेवढं पडलं असं समजून नाना दारं लावून घेत. पोळ्याला तर बैलांच्या शिंगांना लावून उरलेला हिंगूळ गाडीच्या दिव्यांभोवती फासला जाई, बॉनेटवर झूल पडे आणि नानांच्या पत्नी द्रौपदाबाईंना पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन रेडिएटरसमोर उभं राहावं लागे. गाडी खात नाही, हे त्यांनी पहिल्या वर्षी सांगून पाहिलं होतं. दुसऱ्या वर्षापासून त्या गुपचूप आरती ओवाळून आत जात.

गाडी फियाट होती, दुधी रंगाची, फैजपूरच्या एका डॉक्टरांकडून शहाऐंशी साली घेतलेली. डॉक्टरांकडे असताना ती पेशंट पाहायला जाई आणि सावलीत उभी राही. सावद्याजवळच्या नानांच्या गावी आल्यावर तिला संसाराला लागावं लागलं. सोसायटीत खत आल्याची कुणकुण लागली की बाकीचे लोक बैल सोडून गाडीला जुंपेपर्यंत नाना फियाट घेऊन दारात हजर असत. डिकीत पोटॅश, मागच्या सीटवर आणि सीटपुढे युरिया, पुढे ड्रायव्हरशेजारी द्रौपदाबाई आणि त्यांच्या पायाशी उरलेलं पोतं. हमालाच्या आकड्याने पोत्यांना भोकं पडलेली असत. त्यातून खत गळे, मॅटखाली शिरे आणि नानांच्या पाइपाच्या पाण्यात विरघळे.

"वाया नही जात काही," नाना म्हणत. "दारातून निघालं की केळीच्याच बुडाशी जातं."

ह्याच गाडीतून गावातल्या साऱ्या नवऱ्या सासरी गेल्या होत्या. कुंदासुद्धा, म्हणजे नानांची एकुलती एक मुलगी, ह्याच गाडीतून धुळ्याला गेली. जावई तिथे वीज मंडळात होते. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात कुंदाच्या सासूबाई, प्रमिलाबाई, पहिल्यांदा गावी आल्या. नानांनी त्यांना भुसावळ स्टेशनवरून मोठ्या थाटात आणलं. त्या उतरल्या तेव्हा मोरपंखी साडीवर काठापासून गुडघ्यापर्यंत काळ्या मातीचे शिंतोडे होते.

"नाना, काचा तर बंद होत्या," त्या म्हणाल्या. "मग हा चिखल आला कुठून?"

"उतरताना दाराले घासला असेल," नाना म्हणाले. चाकं चिखल उडवतात, तो दाराच्या उंबऱ्यावर बसतो आणि साडीला लागतो, असं त्यांचं शास्त्र होतं. प्रमिलाबाई पुढे बोलल्या नाहीत. धुळ्याच्या माणसांची ही पद्धत असते. ती बोलणं ठेवणीत ठेवतात.

ठेवलेलं बोलणं वर्षभराने बाहेर आलं. कुंदाला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेव्हा तिला कधी न्यायला येऊ हे विचारायला नानांनी धुळ्याला फोन लावला.

"केव्हाही न्या," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पण त्या गाडीतून नको. त्या गाडीतून माणूस निंदणीहून आल्यासारखं उतरतं. गाडी सुधारली असेल तर आणा, मी डोळ्यांनी बघेन. नाहीतर आपली एस. टी. आहेच."

नानांना त्या रात्री भाकरी गोड लागली नाही. गावच्या पोरी फियाटमधून गेल्या आणि आपली पोर पहिल्या बाळंतपणाला एस. टी.च्या धक्क्यांत येणार? गाडी घेतली त्या दिवसापासून त्यांच्या मनात एक चित्र होतं: कुंदा मागच्या सीटवर पाय पसरून बसली आहे आणि आपण खड्डा चुकवत चुकवत, एरवी कधी चालवली नाही इतकी हळू गाडी चालवत तिला घरी आणतो आहोत. त्या चित्राला प्रमिलाबाईंनी चिखल लावला होता.

तेव्हा ठरलं. जाताना जळगावला थांबून गाडीच्या चाकांमागे चिखल अडवणारे मड फ्लॅप बसवायचे, मग विहीणबाई बोलतात काय ते पाहू.

जळगावला बसस्टँडच्या मागे यादव नावाच्या फिटरची टपरी होती. सीट कव्हर, हॉर्न, देवाचे स्टिकर आणि छताला टांगलेले काळे रबरी फ्लॅप. हे लहान कारचे आणि हे मोठे ट्रकचे, असं त्याने दाखवलं. नानांनी मोठ्यांवर बोट ठेवलं.

"नाना, ते ट्रकचे आहेत. तुमची फियाट आहे."

"चिखल काय गाडी पाहून उडतो?"

यादवने दोन क्षण विचार केला आणि ट्रकचे फ्लॅप खाली काढले. गिऱ्हाईक आनंदात असेल तर त्याला सुधारू नये, हे तो धंद्यात लवकरच शिकला होता. सुरीने त्याने त्यांची रुंदी कापली. लांबी मात्र नानांनी कापू दिली नाही.

"जमिनीला टेकतील," यादव म्हणाला. "मागं घेताना चाकाखाली सापडतील."

"मी मागं घेतच नही."

"गाडी कधीच मागं घेत नाही?"

"फिरवून आनतो," नाना म्हणाले. आणि हे खरं होतं. रिव्हर्स गिअरवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यासाठी ते अख्ख्या गावाला वळसा घालत.

मडगार्डच्या कडेला भोकं पाडून, पट्टी लावून यादवने नटबोल्ट आवळले. मग हात पुसत म्हणाला, "आता खालून डांबराचा एक हात मारून देऊ? गंजाची भीती नाही राहत."

नाना दुखावले. "अरे, मी रोज धुतो हिले. रोज धुतलेल्या वस्तूले गंज लागतो का?"

द्रौपदाबाई इतका वेळ गाडीत बसून होत्या. त्यांनी खिडकीतून डोकं काढलं. "आयकलं का, इथं पायाखाली जरा मऊ मऊ लागतं."

"रबरी मॅट हाये. मऊच लागीन. गादी समज."

निघाले तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि एरंडोलच्या अलीकडे पावसाने गाठलं. नाना मुद्दाम डबक्यांतून गाडी घालू लागले. दर डबक्यानंतर थांबायचं, उतरायचं, मागे जाऊन दारं पाहायची. दारांवर चिखलाचा ठिपकाही नव्हता. चारही फ्लॅप रस्ता झाडत चालले होते.

"पाह्य," नाना म्हणाले, "गाडी चालते अन् मागून झाडूही मारते."

"बसा आता गाडीत," द्रौपदाबाई म्हणाल्या. "असंच उतरत राह्यलं तर पोरीचं बाळंतपण धुळ्यालेच होईल."

पारोळ्याच्या अलीकडे रस्त्यावर एक मोठं डबकं पसरलं होतं. नानांनी छाती पुढे काढून गाडी घातली. आणि द्रौपदाबाईंच्या पायाशी, मॅटच्या कडेने, कारंजं उडालं. गुडघ्यापर्यंत लुगडं भिजलं, नाकाच्या शेंड्यावर काळा थेंब बसला. त्यांनी थेंब पुसला, बोटावर पाहिला आणि नवऱ्यापुढे धरला.

"काचा बंद हायेत," त्या म्हणाल्या.

पारोळ्यात एका चहाच्या हॉटेलाच्या पत्र्याखाली गाडी लावून नानांनी मॅट उचलली. खाली पत्रा म्हणून जे होतं ते भाजलेल्या पापडासारखं झालं होतं, तपकिरी, फुगलेलं, पापुद्रे सुटलेलं. नानांनी बोट लावलं तर बोट आरपार गेलं. भोकातून रस्ता दिसत होता, रस्त्यावर एक बिडीचं थोटूक दिसत होतं. मागच्या सीटपुढे तर त्याहून मोठी खिंडारं होती. कडेकडेने पांढरा खार बसला होता. द्रौपदाबाईंनी तो चिमटीत घेऊन पाहिला.

"हे तं आपलं खत."

नानांनी ओणव्यानेच हिशेब मांडला. खत आणि पाणी. पोत्यातून गळायचं ते गळे आणि पाइपातून यायचं ते येई, आणि मॅट दोन्ही झाकून ठेवी. म्हणजे ह्या गाडीचा पत्रा वर्षानुवर्षं त्यांनी स्वतःच्या हातांनी भिजत घातला होता. विहीणबाईंची मोरपंखी साडीही इथूनच रंगली होती. चाकांना उगाच बोल लागला.

"आता?" बाई म्हणाल्या.

नानांनी डिकीतून पाना काढला, मागच्या दोन्ही चाकांचे फ्लॅप सोडवले आणि मागच्या खिंडारांवर आडवे टाकले. मग पुढचेही दोन्ही काढून पुढे टाकले. जाड रबर, ट्रकचं, चपखल बसलं. वर मॅट अंथरली. द्रौपदाबाई सीटवर मांडी घालून बसल्या आणि धुळे येईपर्यंत त्यांनी पाय खाली सोडले नाहीत. नाना स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते.

धुळ्यात देवपुरात प्रमिलाबाई छत्री घेऊन अंगणात आल्या. बाहेरचा चिखल त्यांनी एका नजरेत माफ केला. मग दार उघडून आत वाकल्या, मॅट चाचपली आणि चप्पल काढून एक पाय दाबून पाहिला. रबर दबलं नाही. त्यांची खात्री पटली.

"आता कशी घट्ट झाली," त्या म्हणाल्या. "मागे अगदी पोकळ वाजायची. न्या बसवून. कुंदा, चल गं, ओटी भरते."

नाना जिंकले होते. त्यांनी मिशीवरून हात फिरवायला हवा होता. कुंदा ओटी सांभाळत, दाराची चौकट धरत पायऱ्या उतरली. पावलं सुजली होती. चप्पल काढून तिने गाडीत ठेवायला एक पाऊल उचललं, तेव्हा नाना मध्ये आले.

"थांब."

"काय झालं, नाना?"

"ह्या गाडीत नको बसू." ते प्रमिलाबाईंकडे वळले. "विहीणबाई, खाली पत्रा नही. रबर टाकलं हाये. मागच्या वर्षी तुमच्या साडीवर जो चिखल आला तो खालूनच आला."

प्रमिलाबाईंनी मॅट उचलली. फ्लॅप उचलला. बराच वेळ त्या आपल्या अंगणातली फरशी नानांच्या गाडीतून पाहत राहिल्या.

"आणि मला वर्षभर सांगितलं की साडी दाराला घासली."

"मले तेच वाटे. चिखल सरकारचा, भोक माझं."

विहीणबाईंना हसू आलं. ते लपवायला त्यांनी छत्री मिटली. "पण एवढं भोक पडलंच कसं?"

"हे गाडीत खत आनतात अन् वर पाइपानं धुतात," द्रौपदाबाईंनी सांगून टाकलं. "बैल समजून."

पुढे दिवाळीत नानांनी जुना पत्रा कापून नवा जोडून घेतला, आतून गंज अडवणारा रेड ऑक्साइड, खालून डांबर मारून घेतलं आणि खतासाठी बैलगाडी जुंपायला लागले. पण ते नंतरचं. त्या दिवशी जावयांनी सावद्यावरून जाणाऱ्या रावेरच्या एस. टी.त पुढची जागा पकडून दिली. कुंदा खिडकीशी बसली, शेजारी द्रौपदाबाई. कुंदाला वडिलांचं वाईट वाटत होतं.

"नाना, हळू गेलो असतो तर गेली असती गाडी."

"गेली असती," नाना म्हणाले. "पण मी सारा रस्ता खालीच पाहत बसलो असतो. तू नीट बस. मी मागं हाये."

आणि नाना खरोखर मागे राहिले. एस. टी.ला मड फ्लॅप नव्हते. ती धुळे सोडल्यापासून फियाटच्या तोंडावर चिखल फेकत चालली. नानांचे वायपर थकले तेव्हा ते खिडकीतून डोकं काढून चालवू लागले. मोकळा रस्ता मिळाला तरी त्यांनी ओव्हरटेक केलं नाही. बस थांबली की तेही थांबत, उतरून पुढे जात आणि खिडकीतून विचारत.

"धक्का बसला का?"

"नाही, नाना."

एरंडोलला कंडक्टरने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काका, एवढी काळजी आहे तर तिकीट काढून आतच बसा ना."

"गाडी कुठं ठेवू?"

"ठेवा इथंच. ही कोण नेणार?"

नानांनी हा अपमान गिळला. जळगाव स्टँडवर ते खिडकीशी गेले तर कुंदा आईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. द्रौपदाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. नाना पुढे ड्रायव्हरकडे गेले.

"भाऊ, आता नदीपर्यंत रस्ता खराब हाये. जरा सांभाळून."

"रोजचा रस्ता आहे, नाना," ड्रायव्हर म्हणाला. "तुम्ही तेवढं तोंड धुऊन घ्या."

नानांनी धोतराच्या सोग्याने डोळ्यांपुरता चिखल पुसला, गाडीत बसले आणि बस हलायची वाट पाहू लागले.