फॉर्मवर मी खोडलेला विषय

हे सांगायचं मी फार वर्षं टाळलं. बायकोलासुद्धा अर्धंच सांगितलं.

नांदेडच्या एका महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवायचो. हुशार पोरं डॉक्टर व्हायला लातूर गाठायची आणि आमचे कला शाखेचे वर्ग ओस पडायचे. विद्यार्थी कमी झाले की प्राध्यापक अतिरिक्त ठरतो आणि नोकरी जाते. म्हणून दर उन्हाळ्यात आम्ही गावोगाव हिंडून प्रवेश गोळा करायचो. इतिहासाच्या सरांशी माझं ठरलेलं होतं: माझ्याकडे येईल त्याला मी इतिहास घ्यायला लावायचा, त्यांच्याकडे येईल त्याला त्यांनी अर्थशास्त्र. एकानं पोरं देणं थांबवलं की दुसराही थांबवणार.

अर्धापूरची एक मुलगी मात्र न बोलावता आली. घरी केळीची बाग, बारावीला गणितात वर्गात पहिली. फॉर्मवर तिनं अर्थशास्त्राशेजारी सांख्यिकी लिहिलं होतं. सरकारी सांख्यिकी कार्यालयात नोकरी करायची, हे तिनं तेव्हाच मनाशी धरलेलं.

इतिहासाचे सर शेजारच्या टेबलावरून म्हणाले, "ही पोरगी इकडं द्या की, सर. न्हाईतर तुम्हीच बसा माझ्या वर्गात. रोज हजेरी लावतो!"

सगळे हसले. मीही हसलो, आणि सांख्यिकी खोडून इतिहास लिहिलं.

"सर, मला जमंल की ते," ती हळूच म्हणाली.

"झेपणार नाही, बाळ. अर्थशास्त्राला गणित लागत नाही."

तिनं सही केली.

ती प्रथम श्रेणीत बी.ए. झाली. पुढं त्या नोकरीची जाहिरात निघाली. पदवीला सांख्यिकी हा विषय असणं आवश्यक होतं. जाहिरात घेऊन ती माझ्याकडे आली. "दुसरी निघेल," एवढंच मी म्हणालो. दुसरीतही तीच अट होती. मग लग्न होऊन ती निलंग्याला गेली. तिथं एका कार्यालयात कंत्राटावर दुसऱ्यांनी काढलेले आकडे संगणकात भरते.

निवृत्तीनंतर मी लातूरला मुलाकडे राहतो. गेल्या उन्हाळ्यात ती भाचीला घेऊन घरी आली.

"हिला अर्थशास्त्र घ्यायचंय, सर. सोबत काय घेऊ दे?"

"सांख्यिकी," मी म्हणालो. "बँक असो, संशोधन असो, सगळीकडं लागतं."

भाची कुरकुरली, "मावशी, तू तर न्हाई घेतलं."

"मार्क हायेत म्हणून मी पण लिहिलं होतं. पण मला झेपणार न्हाई, हे सरांनी तेव्हाच ओळखलं. बरं झालं बाई, नापास झाले असते."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. इतकी वर्षं ती हे खरं मानून जगली होती.

चहा झाला. दोघी पाया पडल्या. "बस मिळेल ना गं?" मी विचारलं.

"हाव, सर."

तुला झेपलं असतं. माझी नोकरी जाईल म्हणून मी तो विषय खोडला. मला माफ कर. ती चपला घालून फाटकापर्यंत जाईस्तोवर एवढं म्हणायला पुष्कळ वेळ होता.