अर्धी गोळी

लेकरांनो, अंगणवाडीच्या सेविकेनं कागदाची पुडी उंबऱ्यावर ठेवली आणि पटकन हात मागं घेतला.

"घरी नेऊन द्या. आत नका येऊ."

पुडीत जंताची अर्धी गोळी. आत बाकीच्या लहानग्यांना ती तीच गोळी दोन चमच्यांत कुस्करून, पाण्यात कालवून पाजत होती. आमच्या बौद्धवाड्याला नुसती पुडी.

मी मुखेडच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. तरी वाकले. पुडी उचलली. लिहिताना अजून कान तापतात.

तुमची चुलत बहीण आरू दीड वर्षाची आहे. पोट नगारा, हातपाय काड्या. नांदेडच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं होतं, "जंत झालेत, आजी. त्यांच्याशी झुंजणाऱ्या पेशी रक्तात लई वाढल्यात. लेकरू झुंजून राहिलंय, पण अंगाला काही लागंना."

घरी तुमच्या काकूनं गोळी तशीच आरूच्या तोंडात घातली. कुस्करायची असते, हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. अपमानाच्या तिरीमिरीत सांगायचं राहिलं.

गोळी घशात अडकली. आवाज बंद. ओठ निळे. मी आरूला मांडीवर पालथं घातलं, डोकं खाली, आणि पाठीवर तळव्यानं मारत राहिले. पाचव्या फटक्याला गोळी फरशीवर पडली. मग ती रडली.

तिला कडेवर घेऊन मी तशीच परत गेले. सरळ आत शिरले.

"बाई, तुम्ही शिकलेल्या," सेविका म्हणाली. "समजून घ्या. गावातल्या बाया लेकरं धाडायच्या बंद होतील."

"होऊ दे. दुसरी अर्धी गोळी काढ. ह्याच चमच्यांत कुस्कर."

नातवाला घेऊन बसलेली एक म्हातारी फिसकन हसली. "ह्यांच्या पोरांच्या पोटात किडे न्हाई तर काय असणार?"

"तुझ्या नातवालाबी आत्ताच गोळी पाजली ना? त्याच्या पोटात काय पेढे हायेत?"

सेविकेनं गोळी कुस्करली. आरूनं माझ्या हातून चमचा चाटला.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला लेखी तक्रार दिली. साहेब म्हणाले, "गरीब बाई आहे, तिची नोकरी जाईल."

तिची नोकरी मला नको. सगळी लेकरं आत, एका ओळीत, असा लेखी हुकूम हवा. तो भिंतीवर लागेपर्यंत मी रोज आरूला घेऊन अंगणवाडीत मधोमध बसते. दोन बायांनी लेकरं काढून नेली. नेऊ देत. आज अकरावा दिवस. उद्याही दहाला जाणार आहे.